"ठेवतो गं, तुझे पैसे पडतायत"

न्यू जर्सीत रात्रीचे दहा वाजले की वाईत सकाळचे साडेसात झालेले असतात. थंडीत इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग मी नऊ वाजता फोन लावते. बाबांचे साडेसात मात्र हलत नाहीत. चहा झालेला असतो, पेपर यायचा असतो आणि ते फोनशेजारच्या लाकडी खुर्चीत येऊन बसलेले असतात.

फोन बीएसएनएलचा, जुन्या तांब्याच्या तारेवरचा. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. डाव्या कानानं बरं ऐकू येतं, हात थरथरतात. भाच्यानं आणून दिलेल्या स्मार्टफोनवर उचलायला जातात आणि कॉल कट होतो. रविवारी भाचा घरी येतो तेव्हा व्हॉट्सॲपवर चेहरे दिसतात, तेवढंच. पावसाळ्यात वीज गेली, वायफाय बंद पडलं, तरी हा फोन चालू असतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच मिळते. म्हणून रोजचं बोलणं लँडलाइनवर आणि माझ्या बाजूनं इंटरनेट फोनवर.

हा इंटरनेट फोन म्हणजे राउटरशेजारची हिरव्या दिव्याची छोटी डबी आणि तिला जोडलेला साधा फोन. 2009 साली घेतला तेव्हा 'भारतात अमर्याद कॉल' हे शब्द वाचून मला अक्षरशः रडू आलं होतं. नव्वदच्या दशकात इथे आलेल्यांना त्याचं कारण सांगावं लागणार नाही. तेव्हा मिनिटाला डॉलरच्या आसपास दर. पुढे ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानातून पाच डॉलरची कार्डं आणायची, नाण्यानं खरवडायची, लांबलचक पिन दाबायचा. कार्डावर छापलेली निम्मी मिनिटंसुद्धा हाती लागायची नाहीत. 2008 मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे इथल्या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, अशा काही कार्ड कंपन्यांना कोर्टात खेचलं, तोवर आमची पिढी त्यात पुरती पोळली होती.

त्या डबीनं पंधरा वर्षं आम्हाला घड्याळाकडे न बघता बोलू दिलं. आईच्या शेवटच्या आजारपणात मी रात्र रात्र लाइन चालू ठेवायची, कुणी बोलत नसलं तरी.

गेल्या वर्षी कंपनीचा ईमेल आला. विषय होता 'तुमच्या सेवेत सुधारणा'. तीन परिच्छेद सोडून खाली लिहिलं होतं की प्लॅनची किंमत वाढते आहे, भारतातल्या कॉलना महिन्याला 1,500 मिनिटांची मर्यादा लागू होते आहे आणि त्यापुढे मिनिटाप्रमाणे पैसे पडतील. कारण दिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय खर्चात वाढ'.

खर्च वाढला असेल तर तो द्यायला माझी ना नाही. परदेशातून आलेला कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोचवायचे पैसे भारतातल्या कंपन्या घेतात, आणि तो दर तिथली दूरसंचार नियामक संस्था, ट्राय, ठरवते. 2018 च्या फेब्रुवारीत ट्रायनं तो 53 पैशांवरून 30 पैशांवर आणला. मे 2020 पासून मिनिटाला 35 ते 65 पैसे असा पट्टा ठरवला. रोज चाळीस मिनिटं धरली तर माझी महिन्याला बाराशे मिनिटं होतात. अगदी वरचा 65 पैशांचा दर लावला तरी 780 रुपये, म्हणजे नऊ डॉलरच्या आसपास. आणि 2018 मध्ये दर उतरला तेव्हा माझं बिल एका सेंटानंही उतरलं नव्हतं.

पुढच्या महिन्याचं बिल मी छापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि पेनानं एकेक ओळ वाचली. प्लॅन 27.99. त्याखाली 'रेग्युलेटरी रिकव्हरी फी' 4.95. आणीबाणीच्या 911 सेवेचे 1.80. 'फेडरल युनिव्हर्सल सर्व्हिस फंड' 6.20. राज्याचा कर 1.95. एकूण 42.89.

यातला युनिव्हर्सल सर्व्हिस फंड खरा आहे. खेड्यापाड्यांत आणि गरीब घरांत फोन-इंटरनेट पोचावं म्हणून तो गोळा होतो, आणि इंटरनेट फोनवाल्यांना 2006 पासून तो भरावा लागतो. तेव्हा त्याचा दर 10 टक्क्यांच्या आसपास होता, 2025 मध्ये 36 टक्क्यांच्या वर गेला. याचा दोष मी कंपनीला देणार नाही. पण 'रेग्युलेटरी रिकव्हरी फी' हा सरकारी कर नाहीच. तो कंपनी स्वतः लावते, स्वतः ठरवते, स्वतः ठेवते. नाव मात्र असं, की वाचणाऱ्याला सरकारनं लावल्यासारखं वाटावं. मी कितीतरी वर्षं तसंच समजत होते. जाहिरातीतला आकडा कमी दिसावा म्हणून किमतीचा एक तुकडा काढून खाली कराच्या रांगेत बसवायचा, ही लबाडी आहे. मला दुसरा शब्द सुचत नाही.

कस्टमर केअरला फोन केला. पन्नास मिनिटं होल्डवर. मग एक मुलगी शांतपणे म्हणाली, नवीन ग्राहकांना पहिलं वर्ष निम्म्या दरात आहे, पण तुम्ही जुन्या आहात. मी बंद करते म्हणताच तिनं दुसरीकडे जोडून दिलं, आणि तिथल्या माणसानं दोन मिनिटांत दहा डॉलर कमी केले, सहा महिन्यांसाठी. म्हणजे दहा डॉलर कमी घेणं त्यांना परवडत होतं. पंधरा वर्षं गुपचूप पैसे भरणाऱ्याला ते मिळत नव्हते.

हे सगळं मी चिडून बाबांना सांगितलं. ते सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं झाली आणि ते म्हणाले, "ठेवतो गं, तुझे पैसे पडतायत." ट्रंक कॉलवर तीन-तीन मिनिटं मोजलेला माणूस. मी परोपरीनं सांगितलं की बाबा, अजून हजार मिनिटं शिल्लक आहेत, तुम्ही बोला. ते फक्त "हो हो" म्हणाले. भाच्यानं नंतर सांगितलं, खुर्चीसमोर त्यांनी टेबलावरचं घड्याळ आणून ठेवलंय.

एका मैत्रिणीनं अगदी स्वस्तातलं ॲप सुचवलं. आवाज ठीक होता, पण बाबांच्या फोनच्या पट्टीवर दर वेळी भारतातलाच कुठलातरी अनोळखी मोबाइल नंबर उमटायचा. असे कॉल बऱ्याचदा चोरवाटेनं, ढीगभर सिमकार्डं घातलेल्या पेटीतून भारतात सोडतात, म्हणजे कॉल पोचवायचे ते ट्रायनं ठरवलेले पैसे चुकवता येतात. हे बेकायदा आहे आणि पोलीस असे अड्डे पकडतात. शिवाय अनोळखी नंबर उचलायचा नाही हे आम्हीच बाबांना बजावून ठेवलेलं. त्यांनी तीन दिवस फोन उचलला नाही. ॲप काढून टाकलं.

शेवटी दोन गोष्टी केल्या. कराच्या रांगेतल्या त्या फीबद्दल एफसीसीकडे, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाकडे, तक्रार केली. ऑनलाइन करता येते, पैसे पडत नाहीत आणि कंपनीला 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. विसाव्या दिवशी उत्तर आलं आणि चार महिन्यांची फी परत मिळाली. आणि नंबर दुसऱ्या सेवेकडे नेला. असं करणार असाल तर आधी नव्या कंपनीकडे अर्ज करा, नंबर तिकडे गेल्याची खात्री होईपर्यंत जुनं खातं बंद करू नका. नाहीतर नंबरच हातचा जातो. आणि बाबांना माझे शेवटचे चार आकडे पाठ आहेत.

काल साडेसातला लावला. पाच मिनिटं होताच ते म्हणाले, "ठेवतो गं."

"बाबा, धोम धरणाचं पाणी सोडलं का?"

"सोडलं की! ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांना लागलंय. सकाळी बघायला गेलो होतो, थांब, सांगतो..."