इंदूर मोठं की भोपाळ? आधी हद्द दाखवा

आमच्याकडे लग्नकार्यात पंगत उठली की हा वाद हमखास निघतो. माझं सासर-माहेर दोन्ही इंदूरचं, नणंद भोपाळला दिलेली, तिची मुलं तिथेच वाढली. त्यामुळे दोन्ही बाजूंना वकिलांची कमी नाही. भाचा म्हणतो, "मामी, राजधानी आमची." आमची मुलं म्हणतात, "लोकसंख्येत बघ, तू मागेच आहेस." मी सरकारी शाळेत शिकवत होते. 2001 आणि 2011 च्या जनगणनेत प्रगणक म्हणून दारोदार फिरले आहे. म्हणून या वादात मला एकच म्हणायचं असतं, आणि ते मी अगदी मनापासून म्हणते: शहराचा आकडा सांगण्याआधी शहराची हद्द सांगा.

मुळात ही शहरं एका राज्यातली नव्हतीच. 1951 मध्ये इंदूर आणि ग्वाल्हेर मध्य भारतात, जबलपूर नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात आणि भोपाळचं आपलं वेगळं छोटं राज्य. त्या वर्षी इंदूरची लोकसंख्या 3.11 लाख, जबलपूरची 2.57 लाख, ग्वाल्हेरची 2.42 लाख आणि भोपाळची 1.02 लाख. चौघांत भोपाळ शेवटचं, तेही बरंच मागे.

मग 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. जबलपूरला हायकोर्ट मिळालं, इंदूरला लोकसेवा आयोग आणि ग्वाल्हेरला महालेखाकार व महसूल मंडळ. भोपाळला मंत्रालय, कर्मचाऱ्यांच्या वसाहती आणि 'भेल'चा (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा) अवाढव्य कारखाना. 1961 च्या मोजणीत भोपाळ दुपटीहून पुढे, 2.23 लाखांवर. 1991 मध्ये 10.63 लाख, म्हणजे चाळीस वर्षांत दहापट! त्याच काळात इंदूर साडेतीन पट वाढून 10.92 लाखांवर आलं. 2001 मध्ये निगम (म्हणजे महानगरपालिका) विरुद्ध निगम बघितलं तर इंदूर 14.75 लाख, भोपाळ 14.37 लाख. चाळीस हजारांचाही फरक नाही.

भाचा इथेच थांबतो. मी थांबत नाही. त्या वेळी भोपाळ निगमाची हद्द होती सुमारे 285 चौरस किलोमीटर आणि इंदूरची जेमतेम 134. भोपाळच्या हद्दीत बैरागढ आहे, भेलची टाउनशिप आहे, टेकड्या आहेत, तलाव आहेत. इंदूरची माणसं त्याच्या निम्म्याहून कमी जागेत राहत होती, आणि रेषेच्या पलीकडे वसलेलं इंदूर कागदावर 'गाव' होतं.

ही रेषा मी जवळून बघितली आहे. फेब्रुवारी 2011. माझा मोजणीचा ब्लॉक शहराच्या पूर्वेला, कनाडिया रोडच्या टोकाला. काम सुरू करण्याआधी प्रगणकाला नजरी नक्शा, म्हणजे नजरेच्या अंदाजाने हातानेच नकाशा, काढावा लागतो: गल्ल्या, घरं, मंदिर, हातपंप, आणि ब्लॉकची सीमा बाणांनी दाखवायची. माझ्या ब्लॉकची पूर्वेची सीमा म्हणजे एक कोरडा नाला. नाल्याच्या या अंगाला कॉलनी, त्या अंगाला प्लॉट पाडलेली शेतं आणि त्यांत उभी राहिलेली नवी घरं. प्लास्टर व्हायचं होतं, पण गच्चीवर टाकी बसलेली आणि पडदे लागलेले. दूधवाला एक, शाळेची व्हॅन एक, दोन्हीकडचे पुरुष सकाळी त्याच चौकातून पलासिया-सियागंजला कामाला जाणारे. मी शेवटच्या घराचं पत्रक भरत होते तेव्हा पलीकडून एका बाईने हाक मारली, "बहनजी, हमारे यहाँ कब आओगी?" मी सांगितलं, तुमच्याकडे पंचायतीच्या बाजूचे गुरुजी येतील. ती म्हणाली, "हम तो इंदौर में ही रहते हैं." तिचं बरोबर होतं. तिची मोजणी झालीच असणार, जनगणना कुणाला सोडत नाही. पण इंदूर निगमाच्या रकान्यात ती आली नाही.

जनगणना खात्याला हे कळत नाही असं नाही. म्हणूनच 'नागरी समूह' नावाचा वेगळा हिशेब असतो. निगमाची हद्द सोडून शहर जिथवर सलग पसरलंय, ती सगळी वस्ती त्यात धरतात. एखाद्या गावाची लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400 आणि कामकरी पुरुषांतले किमान 75 टक्के शेतीबाहेरचे असतील, तर पंचायत असूनही ते 'जनगणना नगर' ठरतं. माझ्या मते शहराशहरांची तुलना करायची तर हाच आकडा घ्यावा. 2011 मध्ये इंदूर निगम 19.64 लाख, पण इंदूरचा नागरी समूह 21.70 लाख. भोपाळ निगम 17.98, समूह 18.86 लाख. गंमत म्हणजे भोपाळच्या या दोन आकड्यांमधल्या फरकात भोपाळला लागून असलेलं कोलार आहे, आणि माझा भाचा तेव्हा राहायचा कोलारलाच! राजधानीचा एवढा कैवारी, पण भोपाळ निगमाच्या आकड्यात तो नव्हता.

जबलपूर-ग्वाल्हेरच्या बाबतीत तर हद्दीमुळे चित्रच बदलतं. 2011 मध्ये दोन्ही निगमांची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास, जणू बरोबरी. पण जबलपूरची छावणी आणि लष्करी कारखान्यांच्या वसाहती निगमाबाहेर मोजल्या जातात. त्या धरल्या की जबलपूर 12.69 लाख आणि ग्वाल्हेर 11.03 लाख. जबलपूरवाल्यांनी हे ठणकावून सांगायला हवं, ते सांगत नाहीत.

2015 च्या निवडणुकीआधी इंदूर निगमात 29 गावं सामील झाली. निपानिया, कनाडिया, बिचोली मर्दाना ही त्यांतली. वॉर्ड 69 चे 85 झाले आणि क्षेत्रफळ दुपटीच्या घरात गेलं. त्याच सुमारास कोलार भोपाळ निगमात आलं, तिथेही वॉर्ड 85. आम्ही रामबागेतलं वाड्यातलं बिऱ्हाड सोडून मुलाबरोबर निपानियाला राहायला आलो, म्हणजे मीही आता त्या 29 गावांतलीच. पुढच्या जनगणनेत इंदूरचा आकडा एकदम फुगलेला दिसेल, वर्तमानपत्रांत मोठे मथळे येतील. त्यातली किती माणसं खरोखर वाढली आणि किती नुसती रेषेच्या आत आली, हे कुणीतरी वेगळं करून सांगायला हवं. नाहीतर 2011 शी केलेली तुलना निव्वळ फसवी.

मी हद्दवाढीच्या विरोधात नाही. नाल्यापलीकडच्या त्या बाईला पार्षद, म्हणजे नगरसेवक, मिळायलाच हवा होता. पण हद्द कागदावर एका दिवसात सरकते, पाइपलाइन तशी सरकत नाही. इंदूरने नर्मदेच्या पाण्यासाठी 1970 मध्ये आंदोलन केलं आणि 1978 मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून पाणी आणलं. माझ्या सासऱ्यांच्या पिढीचा तो अभिमान होता. मोठं शहर म्हणजे काय, तर माणसापर्यंत पाणी नेण्याची ती ताकद. नव्या हद्दीतल्या शेवटच्या गल्लीत नळ आला की मग खुशाल म्हणा, आमची लोकसंख्या इतकी.

आणि रेषा सरकवूनही सगळं मिटत नाही. पीथमपूरच्या कारखान्यांच्या बसगाड्या रोज पहाटे इंदूरमधून भरून निघतात, पण पीथमपूर धार जिल्ह्यात. राऊ इंदूरला चिकटलेलं, पण नगर परिषद वेगळी. आता इंदूर, उज्जैन, देवास, धार मिळून महानगर क्षेत्राची योजना आहे. ते मला पटतं, कारण त्यात कुणाचं गाव गिळायचं नाही, फक्त रस्ते, पाणी आणि बस यांचा विचार एकत्र करायचा आहे.

नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस ठरलाय, म्हणजे लोकसंख्या त्या दिवसाची धरणार. या वेळी मोजणी मोबाइलवर होणार आणि स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. 29 गावांत राहणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नकाशावर आपलं घर नीट बघून खूण करा. पत्ता लिहिताना जुनं पंचायतीचं गाव लिहून थांबू नका, वॉर्डही लिहा. प्रगणक दारात आला तर त्याला पाणी द्या, बसायला सांगा, उन्हातान्हात फिरतो बिचारा. आमच्या गल्लीतल्या ज्या काकूंना मोबाइल जमत नाही, त्यांची माहिती मी शेजारी बसून भरून देणार आहे. कोलारच्या भाच्यालाही फोन करून वॉर्ड नंबर विचारला. त्याला माहीत नव्हता, आता शोधतोय.