मुकुटाखालचा डब्ल्यू

अमेरिकेतल्या एका लिलावगृहात जुन्या शिकारी बंदुकांची वर्णने लिहिण्याचे काम मी करतो. या कामातला बराचसा वेळ बंदूक तपासण्यात नव्हे, तर तिच्याबरोबर आलेली कहाणी ऐकून घेण्यात जातो. जर्मन बंदुकांच्या बाबतीत ही कहाणी बहुधा 1945 पासून सुरू होते. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकन सैन्य थुरिंगियातल्या झूल या बंदूककारांच्या गावात शिरले आणि जुलैत तो प्रदेश सोव्हिएत सैन्याच्या हाती गेला. दरम्यान लोकांकडून जमा करून घेतलेल्या शिकारी हत्यारांपैकी कितीतरी सैनिकांच्या सामानातून इकडे आली. त्यामुळे ‘वडिलांनी युद्धावरून आणली’ हे वाक्य मी सहसा खोटे मानत नाही. त्याच्या पुढे जे जोडले जाते, त्याबद्दल मात्र सावध असतो.

मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त गृहस्थ जी बंदूक घेऊन आले ती ड्रिलिंग होती, म्हणजे वर छर्र्यांच्या दोन नळ्या शेजारी शेजारी आणि खाली रायफलची एक. एकाच फेरीत ससा, पाखरू आणि हरीण यांपैकी काहीही समोर येईल, अशा जंगलातल्या जर्मन शिकाऱ्यासाठी घडवलेले हे हत्यार. कोरीवकाम नीटस होते, दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड उत्तम होते. गृहस्थांचे म्हणणे असे, की ही बंदूक जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याच्या खासगी संग्रहातली आहे. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच नळ्या उतरवून त्यांच्या बुडाचा सपाट भाग माझ्यापुढे धरला. तिथे मुकुट होता आणि मुकुटाखाली ‘डब्ल्यू’ हे अक्षर होते, म्हणजे विल्हेल्मचे आद्याक्षर. जवळच 424 हा आकडा होता; तो संग्रहातला क्रमांक, असे त्यांच्या घरात तीन पिढ्या सांगत आल्या होत्या. शिवाय नळीवर क्रुपचे नाव होते, म्हणजे कैसरच्याच तोफा ओतणारा कारखाना!

भिंगाखाली ते छाप इतके स्वच्छ होते, की पाहताना मला आनंदच झाला. 19 मे 1891 च्या जर्मन कायद्याने बंदुकांच्या नळ्या आणि त्या मागून बंद करणारी यंत्रणा यांची सरकारी चाचणी सक्तीची केली आणि 1 एप्रिल 1893 पासून ती अमलात आली. चाचणीत टिकलेल्या नळीवर जे छाप मारले जात, त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर मुकुट असे. मुकुटाखाली ‘बी’ म्हणजे दारू भरून उडवण्याची चाचणी झाली, ‘यू’ म्हणजे त्यानंतर तपासणी झाली, ‘एस’ म्हणजे छर्र्यांची नळी, ‘जी’ म्हणजे आतून आटे पाडलेली, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे वुर्गबोरुंग, अर्थात तोंडाशी आवळत नेलेली, चोक असलेली नळी. गृहस्थांच्या बंदुकीवर हा ‘डब्ल्यू’ दोन ठिकाणी होता, प्रत्येक छर्रानळीवर एकेक, आणि आतला व्यास मोजला तेव्हा दोन्ही नळ्या तोंडाशी खरोखरच आवळलेल्या निघाल्या. मुकुटाखालचा ‘एन’ बिनधुराच्या दारूची चाचणी सांगत होता. हॉलमार्क आहे म्हणून दागिना पेशव्यांचा ठरत नाही, तसेच हे.

आणि 424 हा क्रमांक नव्हताच. झूलच्या चाचणीघरात महिना आणि वर्ष एकत्र ठोकत. म्हणजे चौथा महिना, 1924. कैसर नोव्हेंबर 1918 मध्येच पदच्युत होऊन हॉलंडला गेला होता आणि 1924 साली तो तिथल्याच डोर्नला राहत होता. गंमत अशी, की सम्राट गेला तरी बंदुकांवरचा मुकुट गेला नाही. नवा कायदा 1 एप्रिल 1940 ला लागू होऊन त्याच्या जागी गरुड येईपर्यंत, प्रजासत्ताकाच्या सगळ्या काळात आणि त्यानंतरही, झूलचे कारागीर मुकुटच ठोकत राहिले. क्रुपचे म्हणाल, तर त्यांच्या एसेनच्या कारखान्यातून फक्त पोलाद आले होते. नळ्यांमधल्या पट्टीवरचे नाव एका छोट्या गावातल्या दुकानदाराचे होते. नळ्या एकाकडे, खटका दुसऱ्याकडे, कोरीवकाम तिसऱ्याकडे, अशी झूलची पद्धत असल्याने दुकानदार तयार माल मागवून त्यावर आपले नाव कोरून घेई. याला फसवणूक म्हणणारे संग्राहक मला भेटतात. त्यांना हा धंदा कळलेलाच नाही.

हे सगळे मी गृहस्थांना शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “वडील खोटे बोलणारे नव्हते.” वडील खोटे बोलले असे मलाही वाटत नाही. मुकुटाखाली ‘डब्ल्यू’ पाहून विसाव्या वर्षीच्या सैनिकाला दुसरे काय सुचणार?

मला खटकले ते आमच्याच विभागप्रमुखांचे वागणे. छापांचे वाचन त्यांनी मान्य केले, एका शब्दालाही हरकत घेतली नाही, आणि तरीही सूचीत पहिली ओळ टाकली, ‘कौटुंबिक परंपरेनुसार कैसर विल्हेल्म यांच्या संग्रहातून’. कायद्याने ती निर्दोष आहे, कारण परंपरा आहे हे खरेच आहे. एप्रिल 1924 ही तारीखही छापली गेली, पण खाली, बारीक अक्षरात. ज्याला गणित करायचे त्याने करावे, हे त्यांचे तत्त्व मला आजही पटलेले नाही.

त्याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. मूळ मसुद्यात मी सुरुवातीलाच लिहिले होते, की छर्रानळ्या 16 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) असून काडतुसाचे घर 65 मिलिमीटर लांबीचे आहे. अमेरिकेतल्या दुकानांत सर्रास मिळणारे 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात बसल्यासारखे वाटते, पण उडताना त्याच्या तोंडाला उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. कैसरला जागा करून देताना ही ओळ शेवटच्या परिच्छेदात ढकलली गेली. लिलावानंतर खरेदीदाराचा फोन आला. कैसर कोणत्या जंगलात शिकार करी, हे त्याने आधी विचारले आणि मग सहज म्हणाला, की रविवारी बंदूक चालवून पाहणार आहे, काडतुसांची पेटी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली आहे. पेटीवरचा आकडा मी त्याला फोनवरच वाचायला लावला. 70 होता. ती पेटी परत करून 65 ची मागवायला आणि त्याआधी बंदूक एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवायला तो तयार झाला, पण कैसरबद्दल मी जे सांगितले ते त्याने ऐकून घेतले नाही.