जागृती झोपे

दुपारची जेवून जरा आडवी झाले होते. डोळा लागतो न लागतो तोच पुण्याहून भाच्याचा फोन.

"आत्या, झोपली होतीस का?"

"झोपे होते. लग्नापर्यंत."

हा विनोद मी गेली तीस वर्षं करतेय आणि तो अजूनही हसतो. गुणी मुलगा आहे. पण आज हसला नाही. मुलगी अठरा दिवसांची झाली, बारावा दिवस केव्हाच उलटला आणि नाव काही ठरत नाही. त्याने म्हणे एक्सेलमध्ये तक्ता केलाय. नाव, अर्थ, नक्षत्राचं अक्षर, इंग्रजी स्पेलिंग आणि शेवटचा रकाना 'आडनावासोबत'. त्या शेवटच्या रकान्यात नुसत्या फुल्या. उषा नको, पहाट झाली तरी झोपेच. तेजस्विनीचं तेच. स्वप्नाली तर इतकं जुळतं की मुद्दाम ठेवल्यासारखं वाटतं. मुलगा झाला असता तर 'निवांत' ठेवून मोकळा झालो असतो, म्हणाला.

आमच्या आडनावाची गोची व्याकरणातली आहे. काळे, गोरे, ढवळे ही विशेषणं. जुळली तर जुळली, नाहीतर गौरी काळे. झोपे हे मात्र जुन्या ओवीतलं क्रियापद. पुढे कुठलंही नाव लावा, वाक्य पूर्ण. राम झोपे. सीता झोपे. तरी आमचं अकर्मक आहे. डोईफोडे यांच्या क्रियापदाला तर कर्मही आहे. शांता डोईफोडे म्हटलं की आपोआप दोन पावलं मागे सरकायला होतं.

माझं नाव आजोबांनी ठेवलं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. घरी न सांगता पायी गेले होते. नेहरू काय बोलले ते त्यांना कधीच धड सांगता आलं नाही, पण चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूंनी सजवलेल्या अधिवेशनाच्या टिळकनगराबद्दल सुरू झाले की थांबत नसत. बाजेवर बसून हवेत हाताने कमान काढायचे. "नुसता बांबू! आपल्याच इकडचा!" हात खाली यायचा, पुन्हा वर जायचा. ती कमान त्यांच्या डोक्यात पुढे छत्तीस वर्षं उभी होती आणि मी जन्मले तेव्हा तिच्याखालून 'जागृती' बाहेर आलं. आत्याने पाळण्यात कानाशी कुर्रर्र करून तेच सांगितलं. एवढ्या बायका गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत होत्या, घुगऱ्या खात होत्या. एकीलाही हसू आलं नाही.

गावात आडनाव ऐकतं कोण? अर्धी आळी झोपे, अर्धी चौधरी. शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा माझ्या आधी दोन झोपे आणि नंतर एक. झोपे म्हणजे आम्ही. रात्री झोपायचं ते वेगळं. गाव सोडेपर्यंत आडनावाला अर्थ असतो हेच मला माहीत नव्हतं.

तो पुण्याला कॉलेजच्या पहिल्या दिवशी कळला. सरांनी हजेरीपटावर बोट ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "जागृती... झोपे. एकदा काय ते ठरव बाई." साठ मुलं हसली. मीही हसले, कारण खरंच चांगलं होतं. मग वसतिगृहावर येऊन रडले. आजोबांना मात्र सुट्टीत काही सांगितलं नाही. कमानीला धक्का लागला असता.

भाच्याची अडचण माझ्यापेक्षा अवघड आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नावही लागतं. म्हणजे समजा ओवी ठेवलं, तर ओवी मानसी किरण झोपे. कर्ते तीन आणि क्रियापद एकवचनी. मी हे म्हटलं, तर पलीकडे शांतता. तक्त्यात बहुतेक नवीन रकाना उघडत असावा.

"आत्या, तुला पुष्कळ त्रास झाला असेल ना नावाचा?"

झाला. आणि लग्न होऊन पाटील झाले त्या दिवशी बंदही झाला. जागृती पाटीलला कुणी हसत नाही. कुणी दुसऱ्यांदा वळूनही बघत नाही. पहिली काही वर्षं बँकेत ते नाव पुकारलं की मी बसूनच राहायचे. कॉलेजच्या मैत्रिणीच्या फोनमध्ये मी अजून 'जागृती झोपे' आहे. मध्यंतरी ते तिच्या फोनवर उमटलेलं दिसलं आणि उगाच घशात काहीतरी आलं. हे काही मी त्याला सांगितलं नाही.

मागे बाळ टाहो फोडत होतं.

"आत्ता तिला काय म्हणता?"

"बाळ."

"मग म्हणा की अजून थोडे दिवस. दाखल्यावर नाव घालायला वर्षभर पैसे पडत नाहीत. आणि आता फोन ठेव, मला झोपू दे."