लहान मुलांसाठी नौका निवडताना: वेस्टआइंडर तलावाकाठचा माझा अनुभव

आमची थोरली मुलगी सहा वर्षांची आणि धाकटा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही घरासाठी एक नौका घ्यायचे ठरवले. आम्ही नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टेलफेनमध्ये राहतो. इथे कोणत्याही दिशेला निघालात तरी थोड्याच अंतरावर एखादा कालवा किंवा तलाव लागतो आणि उन्हाळ्यातल्या रविवारी शेजारपाजारची निम्मी कुटुंबे पाण्यावर असतात. पंधरा मीटरपेक्षा कमी लांबीची आणि ताशी वीस किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने न जाणारी नौका चालवायला या देशात परवाना लागत नाही. ही सवलत सोयीची आहे. पण परवाना नाही म्हणजे परीक्षा नाही आणि परीक्षा नाही म्हणजे तुमची तयारी कितपत आहे हे विचारणारेही कोणी नाही. सोबत दोन लहान मुले असताना ती परीक्षा आपली आपणच घ्यावी लागते, हे आमच्या लवकरच लक्षात आले.

नौका पाहायला सुरुवात करण्याआधी आम्ही मुलांसाठी लाइफ जॅकेटे घेतली आणि हा क्रम योग्यच ठरला. दुकानात सर्वांत सुटसुटीत दिसणारी जॅकेटे पन्नास न्यूटनची असतात (न्यूटन म्हणजे जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलते त्याचे माप). ज्याला पोहता येते आणि मदत हाताशी आहे, अशा माणसासाठी ती असतात. पाण्यात पडलेल्या मुलाचे तोंड वर वळवण्याची हमी ती देत नाहीत. आम्ही शंभर न्यूटनची, मानेमागे जाड कॉलर असलेली, मांड्यांमधून पट्टा घेणारी आणि पाठीवर पकडायला मूठ असलेली जॅकेटे निवडली. मांड्यांमधला पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडताक्षणी जॅकेट वर सरकते आणि मूल खाली राहते. थोरलीने तोवर पोहण्याचा ‘ए’ डिप्लोमा मिळवला होता. या परीक्षेत मुलांना अंगावरच्या कपड्यांनिशी पोहून दाखवावे लागते आणि पाण्याखाली लावलेल्या कापडाच्या भोकातून पार व्हावे लागते, त्यामुळे तिला जॅकेटाची सक्ती अन्यायाची वाटत होती. आम्ही मात्र बधलो नाही. तरणतलावाचे पाणी कोमट असते आणि मे महिन्यातल्या तलावाचे नसते, एवढे एकच कारण आम्हाला पुरेसे होते.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही विकत काहीच घेतले नाही, फक्त भाड्याने घेऊन पाहिले. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या प्रकारच्या नौका. त्यातल्या पहिल्या फेरीला सासूबाई आमच्याबरोबर होत्या. त्यांचे माहेर गुहागर तालुक्यातले. वाशिष्ठीच्या खाडीवर फेरीबोट सुरू होण्यापूर्वी धोपाव्याहून दाभोळला तरीने, म्हणजे होडीने, जाण्यात त्यांचे बालपण गेलेले. आमची नौका धक्क्यावरून सुटली, धाकटा लगेच बाकावर चढून उभा राहिला आणि कालव्यातली बदके बघायला काठावर वाकला. त्यांनी त्याला मागून धरून खाली बसवले आणि मला म्हणाल्या, “अगं, आम्हाला तरीत पाय ठेवायच्या आधी एकच सांगायचे, उभं राहायचं नाही. पण याला बसून काही दिसतच नाही, तर तो उभा राहणारच ना!” मुलाला बसल्या जागेवरून बाहेरचे दिसले पाहिजे, उभे राहिल्यावर मात्र बाहेर जाता येता कामा नये. आमची पुढची सगळी शोधाशोध सासूबाईंच्या त्या एका वाक्याभोवती फिरली.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून धाकट्याची मापे घेतली. त्याची उंची ९६ सेंटिमीटर भरली. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, त्यामुळे त्यांचा तोल मोठ्यांच्या मानाने बराच वर असतो. नौकेचा काठ मुलाच्या कमरेला लागत असेल तर वाकलेले मूल डोक्याच्या ओझ्यानेच पुढे जाते. काठ छातीला लागत असेल तर ते नुसते टेकून उभे राहते. म्हणून तळफळीपासून काठापर्यंत किमान ६५ सेंटिमीटर उंची हवी, हे आमचे पहिले माप ठरले. दुसरे माप बसण्याचे होते. बाकावर बसल्यावर काठ धाकट्याच्या खांद्याच्या आसपास यायला हवा, म्हणजे त्याची पाठ आणि दंड आत राहतील आणि डोळे काठाच्या वर राहतील. पर्समध्ये मोजपट्टी घेऊनच मी त्यानंतर प्रत्येक नौका पाहायला गेले. विकणाऱ्यांना सुरुवातीला त्याचे नवल वाटायचे, पण मी कारण सांगितले की बहुतेक जण स्वतःच पट्टीचे दुसरे टोक धरायचे.

हे मोजमाप करता करताच मला अशी एक गोष्ट कळली, जी जाहिरातीत नेमकी उलट सांगितली जाते. अनेक नव्या नौकांचा तळ ‘आपोआप निचरा होणारा’ असतो. आत पडलेले पावसाचे पाणी भोकांवाटे आपणहून बाहेर जाते, पंप लागत नाही. ते खरे आहे, पण त्यासाठी तळफळी बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावी लागते. तळ वर आला की आतली खोली तेवढीच कमी होते आणि माणसांचे वजनही तेवढेच वर जाते. अशा दोन नौकांमध्ये मला काठाची उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर मिळाली, म्हणजे धाकट्याच्या कमरेच्याही खाली. ज्या कुटुंबात मुले मोठी आहेत त्यांना त्या नौका उत्तम आहेत. आम्ही खोल तळाची नौका आणि तळाशी आपोआप सुरू होणारा पंप असा पर्याय पत्करला.

नौकांचे प्रकार पाहण्यात बराच वेळ गेला, पण त्यातले दोन लवकर बाद झाले. वेगवान उघड्या नौका पाहायला देखण्या असतात. मात्र ताशी वीस किलोमीटरच्या पुढे जाऊ शकणाऱ्या नौकेची नोंदणी करावी लागते, चालवणाऱ्याला परवाना लागतो आणि इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला जोडलेली असावी लागते. शिवाय मुलांबरोबर त्या वेगाचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता. केबिनच्या नौकेचा मोह मात्र सुटेना. पावसात आसरा, धाकट्याला दुपारी झोपायला जागा, लहानसा ओटा, हे सगळे तिच्यात होते. पण पुढे जायचे तर केबिनच्या कडेने जेमतेम वीतभर रुंदीच्या पट्टीवरून, बाहेरच्या अंगाने जावे लागते आणि मागून चालवणाऱ्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नाही. भाड्याच्या फेरीत थोरली त्या पट्टीवरून नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, निघाली तेव्हा सुकाणू माझ्या हातात होते आणि मला जागेवरून हलता येईना. ते पंधरा-वीस सेकंद मी विसरलेले नाही.

उरली ती इथली स्लूप: साधारण सहा मीटरची, उघडी, खोल, पोटाशी रुंद, काठाभोवती जाडजूड दोर गुंडाळलेली आणि आत इंग्रजी यूच्या आकाराचा बाक असलेली. हिच्यात कुठेही बसले तरी सगळे सगळ्यांना दिसतात. काठाभोवतीचा तो दोर पूर्वी मला निव्वळ शोभेचा वाटायचा. धक्क्याला लागताना मुलांची बोटे काठावर असतात हे कळल्यावर त्याची किंमत समजली. तरीही नौका लागत असताना हात मांडीवर, हा नियम आमच्याकडे आहेच.

आल्समेरजवळ वेस्टआइंडर तलावाच्या काठी आम्ही अशी एक स्लूप पाहिली, जी सर्व मापांत बसत होती. मोजपट्टीने जे कळत नाही ते पाहण्यासाठी नवऱ्याने विकणाऱ्याची परवानगी घेतली आणि धक्क्याला बांधलेल्या नौकेशेजारी, जीन्स आणि शर्टासकट, पाण्यात उतरला. मे महिना होता. मूल पाण्यात पडले आणि आपण त्याच्यामागे उडी मारली, तर परत वर कसे येणार, एवढेच त्याला पाहायचे होते. काठ पाण्यापासून सुमारे साठ सेंटिमीटर उंच होता. नवरा चांगला पोहणारा आणि अंगाने काटक आहे. पण दोन्ही हातांनी काठ धरून वर ओढून घेताना त्याचे पाय नौकेच्या पोटाखाली सरकत जायचे आणि भिजलेली जीन्स त्याला खाली खेचायची. चौथ्या प्रयत्नानंतर त्याची बोटे पांढरी पडली आणि त्याने प्रयत्न सोडला. नौकेला शिडी होती, पण ती आतल्या बाकाखाली ठेवलेली होती आणि पाण्यातल्या माणसाचा हात तिथवर पोचत नव्हता. विकणारे गृहस्थ हे सगळे शांतपणे पाहत होते. त्यांनी स्वतः ती शिडी काढून लावली, त्याला वर घेतले आणि आपला टॉवेल दिला. पाण्यातून हाताने ओढून खाली उघडता येईल अशी, कायम बसवलेली शिडी ही त्या दिवसापासून आमची अट झाली. शिडीची किमान दोन पावले पाण्याखाली जायला हवीत, नाहीतर भिजून जड झालेला पाय तिच्यावर चढत नाही.

युरोपात जून १९९८ नंतर बाजारात आलेल्या सहलीच्या नौकांवर सीई खुणेची, म्हणजे नौका युरोपीय नियमांना धरून असल्याची, पाटी असते. तिच्यावर नौकेचा वर्ग, माणसांची कमाल संख्या आणि कमाल ओझे दिलेले असते. ‘डी’ वर्ग बोफर्ट मोजणीतल्या चार क्रमांकाच्या वाऱ्यापर्यंत आणि लहान लाटांसाठी असतो. ‘सी’ वर्ग सहा क्रमांकाच्या वाऱ्यापर्यंत आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटांसाठी. कालव्यांपुरता ‘डी’ पुरतो. पण वेस्टआइंडर मोकळा आणि रुंद आहे, तिथे दुपारी वारा वाढला की पाणी चटकन खवळते, म्हणून आम्ही ‘सी’वर ठाम राहिलो. पाटीवर सहा माणसे लिहिलेली असली तरी आम्ही चार मोठी आणि दोन मुले यापुढे जायचे नाही असे ठरवले. प्रत्येक नौकेत आम्ही एक साधी चाचणीही करायचो: धक्क्याला बांधलेली असताना सगळ्या मोठ्या माणसांनी एका बाजूला उभे राहायचे आणि काठ किती खाली जातो ते पाहायचे. काही गैरसोयीच्या प्रसंगी सगळी माणसे एकाच बाजूला धावतात, हे गृहीत धरूनच नौका घ्यावी असे माझे मत आहे.

इंजिनाच्या बाबतीत मी डिझेलच्या बाजूने होते, कारण आमच्या पैशांत ते बसत होते. एका डिझेल स्लूपच्या चाचणी फेरीने माझे मत बदलले. इंजिनाची पेटी मधोमध होती, तिच्यावरचे झाकण तापत होते आणि नाळेजवळ बसलेल्या थोरलीशी बोलायला मला ओरडावे लागत होते. मुलांना “बस” असे साध्या आवाजात सांगता आले पाहिजे. सतत ओरडून बोललेले त्यांना काही वेळाने ऐकूच येईनासे होते. विजेवरच्या नौकेत हा प्रश्न नाही, धूरही नाही. शिवाय एप्रिल २०२५ पासून ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती कालव्यांत सहलीच्या नौकांसाठी उत्सर्जनमुक्त क्षेत्र लागू झाले आहे, तोही विचार होता. बॅटरी किती पुरेल ही माझी शंका गणिताने फिटली. सहा मीटरच्या जड स्लूपला ताशी दहा किलोमीटरच्या आसपास स्वतःच्याच लाटेचा अडसर होतो आणि त्याआधीच शक्तीची गरज भराभर वाढू लागते. सहा-सात किलोमीटरच्या वेगात राहिले तर आम्ही पाहिलेल्या नौकेला दोन किलोवॉटच्या आत भागत होते, म्हणजे दहा किलोवॉट-तासांच्या बॅटरीत पाच तास. तीन वर्षांचे मूल पाच तास नौकेत आनंदाने बसत नाही. अडीच तासांत आम्ही परतलेले असतो.

मधल्या काळात एका व्यवहारात आमची फसगत होता होता राहिली. सुंदर रंगवलेली, माफक किमतीची स्लूप होती आणि आम्ही अनामत द्यायच्या बेतात होतो. शेवटच्या क्षणी आम्ही नौका तपासणाऱ्या तज्ज्ञाला बोलावले. त्याने ओलावा मोजण्याचे यंत्र तळाला लावले आणि नव्या रंगाखाली नौकेच्या पॉलिएस्टरच्या कवचात पाणी मुरलेले असल्याचे दाखवून दिले. विकणाऱ्याला हे ठाऊक होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. तपासणीची फी तेव्हा जड वाटली होती, ती पूर्ण वसूल झाली.

नौका बांधायला जागा आधी मिळवावी आणि मगच नौका घ्यावी. चांगल्या धक्क्यांवर प्रतीक्षायादी असते. शौचालयाचा विचारही आधी करावा. सहलीच्या नौकांमधून शौचालयाचे पाणी बाहेर सोडायला इथे २००९ पासून बंदी आहे, म्हणून नाळेजवळच्या अर्ध्या डेकखाली मावेल असे बंद टाकीचे लहान शौचालय आम्ही ठेवले आहे. धाकट्याला नौकेत सर्वाधिक अप्रूप त्याचेच आहे.

शेवटी ऑगस्टमध्ये आम्हाला हवी तशी विजेवरची, वापरलेली स्लूप मिळाली: काठ ७० सेंटिमीटर, बाक ३८, कायम बसवलेली शिडी, पाटीवर ‘सी’. पहिल्या रविवारी आम्ही हार्लेमरमेरला वळसा घालणाऱ्या कालव्याने निघालो. १८५२ मध्ये पाणी उपसून कोरडा केलेला हा प्रचंड तलाव आता शेतजमीन आहे आणि कालव्याचे पाणी त्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहते, त्यामुळे बंधाऱ्यापलीकडच्या घरांची छपरे नौकेतून खालच्या अंगाला दिसतात. “आई, आपण घरांच्या वरून चाललोय!” असे थोरली म्हणाली आणि धाकटा बसल्या जागेवरूनच ते पाहू लागला.

मग माझे लक्ष गेले. काठ त्याच्या खांद्याशी यायला हवा होता, तो जेमतेम काखेपर्यंतच येत होता. आधीच्या मालकाने बाकावर आठ सेंटिमीटर जाडीच्या मऊ गाद्या बसवून घेतल्या होत्या आणि मी मोजमाप केले तेव्हा त्या धुवायला काढलेल्या होत्या. परत आल्यावर आम्ही त्या गाद्या काढून घरी नेल्या आणि बाकावर एक सेंटिमीटरची फोमची पट्टी चिकटवली.