ग्राफिक्स कार्ड न घेता जुळवलेला पीसी: माझा अनुभव

मुलीला पायथन शिकायचं होतं, मला अधूनमधून व्हिडिओ एडिट करायचे असतात. मॉनिटर घरात होताच, बाकीचं ३५ हजारांत बसवायचं होतं. एवढ्यात ग्राफिक्स कार्ड घुसवलं की उरलेलं सगळं हलकं घ्यावं लागतं. म्हणून कार्डावर आधीच काट मारली आणि ज्याच्यात ग्राफिक्स आहे तोच प्रोसेसर धरला: एएमडीचा रायझन ५ ५६००जी. ६ कोअर, १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं हाताळणारा; पंखाही डब्यातच. नुसता ५६०० किंवा इंटेलचा १२१००एफ घेतला असता, तर कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसलं नसतं.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला केली, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर. पहिल्याच दुकानात रॅमवरून जुंपली.

"मॅडम, १६ जीबीची एकच स्टिक घ्या, पुढे वाढवता येईल."

"नको, आठ-आठच्या दोन द्या."

या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे जोडीने चालल्या की त्याला जवळपास दुप्पट रुंद रस्ता मिळतो. कार्ड नसलेल्या पीसीत हा फरक थेट जाणवतो.

मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट जिथे जोडतात तो बोर्ड, बी४५० घेतला, पण खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' हा स्टिकर बघूनच. जुन्या स्टॉकमधल्या बोर्डाचं बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट केलेलं नसेल तर हा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. फायली साठवायला एसएसडी ५०० जीबीची, थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई; तिचा वेग जेन ३, म्हणजे जेन ४ च्या आधीच्या पिढीचा. ५६००जी जेन ३ च्या पुढे जातच नाही, मग जेन ४ चे जादा पैसे कशाला?

कॅबिनेटमध्ये मात्र सगळ्यांचा जीव अडकलेला. काचेचं, लाइटवालं, वर 'एसएमपीएस फ्री'. तो फुकटचा एसएमपीएस हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, वायरी बारीक आणि वीज कमी वाया जाते असं सांगणारा ८० प्लसचा शिक्का कुठेच नाही. सगळ्या पार्ट्सना वीज देणारी वस्तू अशी फुकटात घ्यायची माझी तयारी नव्हती. जाळीचं साधं काळं कॅबिनेट उचललं आणि वाचलेले पैसे ४५० वॉटच्या ८० प्लस ब्रॉन्झमध्ये घातले.

एका दुकानात बिलाशिवाय भाव कमी करत होते. १८ टक्के जीएसटी वाचला असता, पण वॉरंटी मागायला कुठल्या तोंडाने जायचं? पक्कं बिल घेतलं, त्यावर सिरीयल नंबर लिहून घेतले. प्रोसेसरही सीलबंद खोक्यातलाच. खोक्याशिवाय सुट्या मिळणाऱ्या ट्रेवाल्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही.

जोडणी घरीच केली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. बोर्डाला चार स्लॉट असतील तर रॅम दुसऱ्या आणि चौथ्यात बसवायची, बोर्डाच्या पुस्तिकेत तसं चित्रच असतं. पीसी चालू झाल्यावर बायोसमध्ये मात्र डोकवा. आमची ३२०० वेगाची रॅम तिथे २६६६ वर चालत होती. रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी हे सेटिंग ऑन केल्यावर ३२०० दिसलं.

विंडोजचं लायसन्स बजेटमध्ये नव्हतं, त्याऐवजी फुकट मिळणारं उबंटू टाकलं. त्यात पायथन आधीपासूनच असतं. व्हिडिओसाठी केडेनलाइव्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरते; साध्या कापाकापीला पुरतं, इफेक्ट जास्त झाले की प्रिव्ह्यू अडखळतो. पुढे कार्ड घेतलंच, तर ४५० वॉटवर चालेल असंच घेणार.