फरशी सपाट का असते

दसरा झाला आणि दादाने खालच्या तिन्ही खोल्यांची फरशी उखडायला काढली. मी शनिवारी लातूरहून गावी पोचले तर ओसरीत टाइल्सच्या खोक्यांची थप्पी, आणि अंगणात निघालेल्या शहाबादीचा ढीग. दोन बाय दोनच्या फरश्या, पाठीला जुना माल चिकटलेला. मिस्त्री म्हणाला, "ताई, हे आता कुणी फुकट बी नेईना."

आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचं माळवदाचं घर बसलं. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे अंगणातच आडवे झाले होते म्हणून आम्ही आहोत. पुढच्या वर्षी विटांचं घर उभं राहिलं आणि गुलबर्ग्याकडून ट्रक भरून ही फरशी आली. सिमेंटचे डाग काढायला कुणीतरी ॲसिड ओतलं आणि फरशी फसफसली. मी सात वर्षांची, आम्ही पोरं टाळ्या पिटत बघत राहिलो. दारापाशी हातभर जागेची चमक गेली ती गेलीच. उन्हाळ्यात दुपारी त्या खरबरीत जागेवर गाल टेकून झोपायची माझी सवय.

ती का फसफसली हे नांदेडला भूशास्त्र शिकायला गेल्यावर कळलं. शहाबादी म्हणजे चुनखडक. समुद्राच्या तळाशी बसलेला चुन्याचा गाळ घट्ट होऊन झालेला. ओट्याचा काळा कडप्पा तसाच, मागच्या पडवीतला हिरवट कोटाही तसाच. आमच्या घरात तीन समुद्र होते आणि गावात उन्हाळाभर टँकर.

हा समुद्र आमच्या गावाखाली मात्र सापडत नाही. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर नुसता आपला काळा पाषाण, लाव्हाचे थर. त्याच्या खाली जेमतेम आठ मीटर गाळ आणि मग एकदम जुनाट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. शहाबादचे थर दक्षिणेला, भीमेच्या खोऱ्यात. आमच्याकडे समुद्र आला तो ट्रकनेच.

विद्यार्थिनी असताना सुट्टीत घरी आले की भिंग घेऊन मी सगळं घर पालथं घालायची. शिंपला नाही, शंख नाही. एका फरशीवर नेच्यासारखी नाजूक काळी नक्षी दिसली तेव्हा जीवाश्म सापडला म्हणून सरांना दाखवायला फोटो काढून नेला. सर हसले. ते मँगनीज होतं. खडकाच्या फटीत पाणी झिरपतं आणि त्यातलं मँगनीज अशी झाडं काढतं. दुसरीवर ईसीजीसारखी दातेरी रेघ होती. दाबाखाली चुना विरघळला आणि न विरघळलेली माती रेघेत साचून राहिली, एवढाच तिचा अर्थ. प्राणी कुठेच नव्हता. असणार कसा? हा गाळ ५४ कोटी वर्षांहून जुना. कवच बांधणारे प्राणी तेव्हा अजून यायचे होते. तळावर असलेच तर सूक्ष्मजीवांचे बुळबुळीत थर, विहिरीच्या पायरीवर शेवाळ असतं तसे.

खरा प्रकाश पडला तो बागला. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेला, जिथे रंगवलेली लेणी आहेत ते बाग. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमची सहल गेली होती. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता, त्याचा तळ तिथे उघडा पडलाय. वर पाहिलं तर टेकडीच्या माथ्यावर आपलाच काळा पाषाण. मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

सरांनी हातोडे पिशवीतच ठेवायला लावले. सुतळीने मीटरभराचा चौकोन आखा, गुडघे टेका आणि त्यात कोण कोण आहे ते मोजा. खडक ओबडधोबड, ज्वारीच्या पिठाच्या गोळ्यांसारख्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या. तासभर मला नुसत्या गाठीच दिसल्या. मग एका गाठीवरची माती बोटाने पुसली तर वर पाच पाकळ्या उमटल्या, टिंबाटिंबांच्या. समुद्री साळिंदर, म्हणजे सी-अर्चिन. बत्ताशाएवढं, काटे झडून गेलेलं, एका बाजूला किंचित दबलेलं. या जातीचं साळिंदर गाळात स्वतःला पुरून घेऊन राहायचं, त्या पाकळ्यांच्या टिंबांतून बारीक नळ्या बाहेर काढून श्वास घ्यायचं. त्याच्या शेजारी कालवं. काहींच्या दोन्ही शिंपा मिटलेल्या, म्हणजे जिथे वाढली तिथेच गाडली गेली. सुट्ट्या शिंपा होत्या त्या बहुधा लाटेने आणून टाकलेल्या. एका जाडजूड शिंपेला सुईने टोचल्यासारखी भोकं होती. कालव मेल्यावर तिच्यात दुसऱ्याच कुणीतरी घर केलेलं.

आणि गाठींच्या मधून मनगटाएवढी जाड, फाटे फुटलेली वेटोळी. कोळंबीच्या नात्यातल्या प्राण्यांची ही बिळं. गाळात भुयारं खणायची, ती ढासळायची, पुन्हा खणायची. खडक असा गाठीदार होण्यामागे या खणाखणीचा मोठा हात आहे. सर म्हणाले, "याची फरशी करून दाखवा बरं." मला आमचं घर आठवलं. शहाबादी थराथराने सुटते, पापुद्रा काढावा तशी, कारण तो थर बसल्यावर तो उकरायला तळावर कुणी नव्हतंच. आमची फरशी इतकी सपाट होती ती रिकाम्या समुद्रामुळे.

बागला दुसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. गाठीदार खडकाच्या वर एक लालसर-पिवळा खडक आहे, त्याचं नावच 'कोरलाइन' चुनखडक. मी वहीत झोकात 'प्रवाळ, विपुल' असं लिहिलं. सरांनी तिथेच रेघ मारली. भिंगातून पाहिलं तर काडीकाडीवर खसखशीहून बारीक भोकं, प्रत्येक भोकात एक जीव राहिलेला. हे ब्रायोझोआ, वसाहती करून राहणारे. जुन्या लोकांनी प्रवाळ समजून नाव ठेवलं, ते चिकटलं. काड्या सगळ्या मोडलेल्या होत्या, म्हणजे पाणी उथळ आणि खवळलेलं. खालच्या निवांत तळावरची मंडळी जाऊन वर लाटांचा मार सोसणारी आली होती. त्या दोन खडकांमधलं अंतर मी एका ढांगेत चढले.

तिथे चक्रासारखं कवच असलेल्या अमोनाइटचा एक तुकडाही दिसला, पाटाएवढा मोठा, आणि मी मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तर शाळिग्राम!"

आमच्या देवघरात तो आहे. पणजोबांनी कुठल्याशा यात्रेकरूकडून घेतला असं सांगतात. नेपाळात मुस्तांगकडे काळी गंडकी वाहते, तिच्या पात्रात हे काळे गोटे मिळतात. आतलं चक्र म्हणजे ज्युरासिक काळातल्या अमोनाइटचं कवच. हा प्राणी माकूळ आणि अष्टपाद यांच्या गोतातला. कवचात एकामागे एक कप्पे, शेवटच्या कप्प्यात स्वतः राहायचा, मागच्या कप्प्यांत हवा भरून पाण्यात तरंगायचा. मेला की कवच तळाला जायचं आणि मऊ चिखलात कालवांना बसायला तेवढीच एक घट्ट जागा मिळायची. आपला काळा पाषाण ओतला जात होता त्याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, अमोनाइट संपले. पण तो समुद्रातला आणि लाव्हा पसरला जमिनीवर, म्हणून मराठवाड्याच्या लाव्हात तो मिळायचा नाही, देवघरातच मिळायचा.

हे सगळं मी आईला एकदा उत्साहाने सांगितलं होतं. ती वाती वळत होती. म्हणाली, "देव हाय तो. त्याची गोगलगाय करू नको."

तर अंगणातल्या ढिगातून मी सहा फरश्या बाजूला काढल्या. ईसीजीवाली, मँगनीजच्या झाडाची, दारापाशी ॲसिडने खाल्लेली आणि आणखी तीन. दादा म्हणाला, "लातूरच्या फ्लॅटमध्ये कुठं ठेवायलीस?" शेवटी मिस्त्रीलाच दोनशे रुपये जास्तीचे देऊन तुळशीवृंदावनाभोवती बसवून घेतल्या.

तुळशीच्या लग्नाला पुन्हा गेले. ऊस उभे केलेले, चिंचा-आवळे मांडलेले. शाळिग्राम ताम्हनात, ताम्हन बरोबर दातेरी रेघेच्या फरशीवर. आईने पंचामृत ओतलं, थोडं फरशीवर सांडलं. मी आत पळाले आणि ओलं फडकं घेऊन आले. दही आंबट, चुनखडकाला डाग पडतो.

"देवाच्या लग्नात हिला फरशीचं पडलंय," आई भटजींना म्हणाली. भटजींनी मंगलाष्टक थांबवून पाय उचलला, मी त्याच्याखालचं पुसून घेतलं.