फिरतीवर कॉफीचं काय करता?

मी पतसंस्थांची ऑडिटं करते. महिन्यातले दहा-बारा दिवस जालना, परभणी, हिंगोली, वाशीम असे जातात. मुक्काम लॉजवर. सकाळी संस्थेच्या कार्यालयात मी पिशवीतून छोटा स्टीलचा ग्राइंडर काढून फिरवायला लागले की टेबलाभोवती माणसं जमतात आणि तोच प्रश्न येतो : "मॅडम, कॉफीचं एवढं सगळं बरोबर घेऊन फिरता? नेमकं काय काय लागतं?" घरच्यांनी, मैत्रिणींनीही हे इतक्यांदा विचारलंय की एकदा नीट सांगून टाकते.

फार काही लागत नाही. ग्राइंडर, भाजलेल्या बिया, एरोप्रेस (दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं नळकांडं) आणि त्याचे कागदी फिल्टर. सगळं मिळून किलोच्या आत, आणि त्यातलं निम्मं वजन एकट्या ग्राइंडरचं. पिशवी हलकी करायची म्हटली की लोक सगळ्यात आधी तोच काढतात आणि घरून पूड दळून नेतात. मी मात्र बाकीचं सगळं सोडीन, ग्राइंडर सोडणार नाही.

कारण साधं आहे. उकळतं पाणी गावोगावी मिळतं. कप मिळतो, चमचा मिळतो. ताजं दळण कुठेच मिळत नाही. भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि सुगंधी तेलं कोंडलेली असतात. बी अख्खी असते तोवर ती बऱ्यापैकी टिकतात, पण दळली की हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि वास पहिल्या काही मिनिटांतच उडायला लागतो. दळताना खोलीभर जो घमघमाट सुटतो ना, तेवढा कपातून कमी झालेला असतो. सोमवारी घरी दळलेली पूड गुरुवारी हिंगोलीत कॉफीच असते, पण तिचा जीव गेलेला असतो. बघायचं असेल तर पुडीवर थोडं गरम पाणी घाला. ताजी असेल तर ती फसफसून वर येते, शिळी असेल तर नुसती भिजून बसते.

सुरुवातीला मी काचेची फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं कॉफीचं भांडं, न्यायचे. कन्नडच्या घाटात बस एका वळणावर जोरात दबली आणि वरच्या फळीवरच्या बॅगेत तिचे तुकडे झाले. दोन साड्यांमधून काचेचे कण वेचत बसले होते. तेव्हापासून काच बंद. एरोप्रेस प्लास्टिकचा, पडला तरी फुटत नाही. तो अॅलन अॅडलर नावाच्या अमेरिकन संशोधकाने २००५ साली बाजारात आणला. त्याआधी हा माणूस फेकायच्या उडत्या चकत्या बनवत होता. लॉजवर मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो धुण्याचा. चोथ्याची घट्ट वडी एका धक्क्यात कचऱ्याच्या डब्यात पडते, बेसिन तुंबत नाही.

आईचा दाक्षिणात्य पितळी फिल्टर मला याहून प्रिय आहे. पण त्यातून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, ते चार माणसांत गप्पा मारत करायचं काम. कुटुंबाबरोबर गेले तर तोच नेते. एकटीच्या सकाळी एरोप्रेस.

वजनकाटा मात्र नेत नाही. निघायच्या आदल्या रात्री घरीच १५-१५ ग्रॅम बिया मोजून छोट्या डब्यांत भरते, एक डबी म्हणजे एक कप. दळण बारीक रव्यासारखं. साधारण २०० मिलिलिटर पाणी, एकदा ढवळायचं, दीड-दोन मिनिटं थांबायचं आणि सावकाश दाबायचं. दूध हवं असेल तर पाणी निम्मं करा आणि टपरीवरचं तापलेलं दूध वरून घ्या, झकास लागते.

पाण्याकडे लोक लक्षच देत नाहीत, आणि मराठवाड्यात तर खरी मेख तिथेच आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात आणि चांगली बी खडूसारखी लागते. मी जारचं पाणी घेते. ते कधी कधी फारच बेचव असतं, मग दळण किंचित बारीक करते. लॉजच्या किटलीत आधीच्या कोणीतरी नूडल्स किंवा अंडी उकडलेली असतात, म्हणून पहिलं पाणी उकळून फेकायचं. रेल्वेत किटली लावायला बंदी आहे, डब्यातलं सॉकेट मोबाइल-लॅपटॉपपुरतं. पहाटेची गाडी असेल तर घरूनच थर्मास भरून नेते. चार-पाच तासांनी पाणी थोडं उतरलेलं असतं, तेव्हा दळण बारीक आणि मुरायला एक मिनिट जास्त. लेहलाही मी हेच केलं होतं. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्याहून गरम होतच नाही.

बहीण न्यू जर्सीला असते, ती इथून किटली घेऊन जाणार होती. तिला थांबवलं. आपली किटली २३० व्होल्टची, तिथे १२०. प्लगची पिन बदलून भागत नाही, ताकद जेमतेम पाव उरते.

किटली नसेल तर सरळ टपरी गाठते. हिंगोलीच्या स्टँडजवळ एक काका आहेत. पहिल्यांदा मी "काका, नुसतं उकळतं पाणी द्या, पैसे चहाचे घ्या" म्हटलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चहाचं पातेलं बाजूला सारून स्वच्छ भांडं चढवलं. "यात आल्याचा वास येईल ताई तुमच्या कॉफीला," म्हणाले. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. आपल्या चहाची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या कॉफीचंही कळतं. पैसे त्यांनी घेतले नाहीत. दुसरा कप मी त्यांच्यासाठी केला आणि तो त्यांनी बिनसाखरेचा, बाकावर बसून, सावकाश संपवला.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीचं काम लवकर आटोपलं आणि मी चिखलदऱ्याला गेले. तिथे कॉफी पिकते हे विदर्भाबाहेर फार थोड्यांना ठाऊक असतं. दुकानात पूड विकायला होती. मी न दळलेली मागितली, तर दुकानदाराने आतून कागदात बांधलेल्या अख्ख्या बिया आणून दिल्या. सकाळी दरीवर धुकं होतं. लॉजच्या पोऱ्याने चुलीवरचं पाणी आणून दिलं, मी ओट्यावर बसून ग्राइंडर फिरवला. पुडीवर पाणी पडताच ती चांगली बोटभर फुगून वर आली. घरून मोजून नेलेल्या डब्यांतल्या दोन तशाच बंद परत आल्या.